दाराशी बसणारा मलिक

गर्देझकडच्या डोंगरांत, जरघून दऱ्यात माणसाची किंमत दारापासून मोजतात. बैठकीच्या खोलीत जो दारापासून जितका लांब, तो तितका मोठा. सगळ्यात आत, जाड गादीवर लाल लोडाला टेकून मलिक बसतो. मलिक म्हणजे गावचा पाटीलच म्हणा. त्याच्याशेजारी मुल्ला, मग अक्रोडाच्या बागा असलेले, मग नुसत्या मेंढ्या असलेले, मग ज्यांच्याकडे फक्त मतं आहेत असे. आणि अगदी शेवटी, उंबऱ्यापाशी, काढून ठेवलेल्या चपलांच्या वासात, पाण्याची झारी घेऊन शीरीनदिल न्हावी.

शीरीनदिलला याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्याचा बाप तिथंच बसे, आजाही तिथंच. गावाची डोकी करणं, दाढ्या कोरणं, पोरांची सुंता करणं, लग्नाचं बोलावणं घरोघर पोचवणं, मोठ्या कढईत पुलाव रांधणं आणि वर ढोलही वाजवणं, ही सगळी कामं एकट्या त्याची. गावातल्या प्रत्येक पुरुषाला त्यानं एकदा तरी रडवलेलं होतं, त्यामुळं त्याच्यासमोर छाती काढून चालायचं धाडस सहसा कुणी करत नसे. 

दाढी मात्र त्याची अख्ख्या दऱ्यात देखणी. चाळिशीतच पांढरीशुभ्र झालेली, रेशमासारखी, छातीवर रुळणारी. न्हाव्याची दाढी बरी नसेल तर मग कुणाची असणार? मलिक लवंगखानाच्या हनुवटीवर देवानं हात आखडता घेतला होता. चार केस इकडे, सहा तिकडे, म्हाताऱ्या बोकडाला शोभतील असे. या एका फरकापायी पुढं जे झालं ते झालं.

परकी फौज आली तेव्हा अक्रोड झोडपण्याचे दिवस होते. तीन गाड्या गावात शिरल्या, कुत्री भुंकली, बायका आत गेल्या. उन्हानं नाक सोललेला एक तरुण कप्तान दुभाष्याला घेऊन लवंगखानाच्या बैठकीत आला. रिवाजाप्रमाणे सगळे उठून उभे राहिले आणि त्याला आत, सगळ्यात वरच्या गादीवर बसायला सांगू लागले. कप्तान काही हलेना. शिकवून पाठवलं होतं त्याला की वेळ आली तर पळता यायला हवं, दार सोडायचं नाही. तो उंबऱ्यापाशीच मांडी घालून बसला. पाहुण्यानं दाराशी बसणं म्हणजे घरच्यांच्या तोंडात मारणं. लवंगखानानं विनवलं, मुल्लानं विनवलं, शेवटी सगळे हताश होऊन आपापल्या जागी बसले.

आता कप्तानाच्या शेजारी कोण? शीरीनदिल. त्यानं नेहमीप्रमाणे पाहुण्याच्या हातावर पाणी घातलं, पुसायला फडकं दिलं, चहा ओतला, बदाम पुढं सरकवले. कप्तानानं खोलीभर नजर फिरवली. इतक्या माणसांत सगळ्यात भारदस्त दाढी याची, पाहुण्याशेजारी बसायचा मान याचा, आणि सरबराई स्वतःच्या हातानं करण्याइतका मोठेपणाही याच्याच अंगी! त्यानं छातीवर हात ठेवून दुभाष्याकरवी विचारलं, "या गावचे प्रमुख आपणच ना?"

खोलीत कुणी चहाचा घोटही घेईना.

लवंगखानानं तेव्हाच "मलिक मी" म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण रशियनांच्या वेळी त्याच्या बापानं याच खोलीत, याच लोडाला टेकून "मलिक मी" म्हटलं होतं, आणि पुढच्या शुक्रवारच्या आत तो मारला गेला होता. कुणाकडून, यावर गावात अजून एकमत नाही.

"हो हो," लवंगखान आतून म्हणाला. "शीरीनदिल खान. आमचे वडीलधारे."

शीरीनदिलनं मागं वळून पाहिलं, हा खान कोण आलाय म्हणून. मागं फक्त चपला होत्या.

घरधन्यानं स्वतःच्या बैठकीत, पाहुण्यासमोर उच्चारलेला शब्द तिथं कुणी खोडत नाही. खोडला तर घरधनी खोटा पडतो, आणि घरधनी खोटा पडला की त्याची भाकरी खाणारे सगळेच खोटे पडतात. मुल्लाला तेवढा जोराचा खोकला आला. कप्तान समाधानानं निघून गेला.

"मलिकसाहेब, हे काय करून ठेवलंत?" गाड्यांची धूळ बसायच्या आत शीरीनदिलनं विचारलं.

"अरे, एका दिवसाचं काम. महिन्याभरात जातील निघून."

"आणि नाही गेले तर?"

"रशियन गेले की नाही?"

"दहा वर्षांनी गेले!"

"तू फार खोलात शिरतोस. न्हाव्यानं वरवरचं बघावं."

फौज वीस वर्षं राहिली.

गावानं मग एक पद्धत बसवून टाकली. खालच्या वळणावर गाड्यांची धूळ दिसली की गच्चीवरून कुणीतरी ओरडे, आणि शीरीनदिल हातातलं काम टाकून मलिकाच्या बैठकीकडे पळे. त्या काळात गावातले कितीतरी जण अर्ध्या डोक्यानं हिंडले. बैठकीत लवंगखान उठून झारी घ्यायचा आणि उंबऱ्याशी बसायचा, शीरीनदिल आत जाऊन लाल लोडाला टेकायचा. गोम एकच होती. नवे आलेले साहेबही दार सोडत नसत. त्यामुळं खरा मलिक साहेबाच्या मांडीला मांडी लावून शब्द न् शब्द ऐकत असे, आणि खोटा मलिक पार आतून ओरडून उत्तरं देत असे. जगात इतरत्रही कारभार असाच चालत असणार. फक्त तिथं झारी दिसत नाही.

साहेब बदलत. जुना जरा सुधारायला लागला की त्याची बदली होई. नवा येई, शिरस्त्राण काढी, नवं शिकलेलं "सलाम" म्हणे आणि विचारी, "गावाला कशाची गरज आहे?"

"कारेझ साफ करून द्या," शीरीनदिल आतून ओरडे. "डोंगरातून जमिनीखालून पाट येतो, तो बुजलाय. पाणी येत नाही."

साहेब मान डोलवी, आणि शाळा बांधून देई. शाळेला मास्तर मिळाला नाही, पण शेळ्यांना सावली उत्तम मिळाली. पुढच्या साहेबानं ऐकून घेतलं आणि खोल विहीर खणून तिच्यावर पंप बसवला, त्यानं कारेझीत उरलंसुरलं होतं तेही पाणी ओढून घेतलं. त्याच्या पुढच्यानं व्हॉलीबॉलचं मैदान केलं आणि वर दिवे लावले. दिव्यांना वीज नव्हती, पण असती तर उजेड पुष्कळ पडला असता. मग एक बाई आली आणि तिनं गावच्या बायकांना कोंबड्या पाळायला शिकवलं. कोंबड्यांच्या संगतीत लहानाच्या मोठ्या झालेल्या बायकांनी माना डोलावल्या, आणि जाताना तिच्या हाती डझनभर अंडी दिली. त्यानंतरच्या साहेबानं फार कळवळून विचारलं, "पण तुमच्या गावात पाण्याचं असं झालं तरी कसं?"

शीरीनदिलची बायको बख्तावरा सुरुवातीपासून या प्रकरणावर हसत होती. "अहो खान," ती म्हणायची, "राज्यकारभारातून सवड झाली असेल तर तेवढी लाकडं फोडता का?"

"हसू नकोस. आज साहेबानं माझ्या सल्ल्याची स्तुती केली."

"कुठला सल्ला?"

"कारेझीचा."

"तो तर कारेझीवर बसलेला कावळापण देईल."

पण गादीची ऊब माणसाला लागतेच. शीरीनदिलची चाल संथ झाली. बोलायच्या आधी तो खाकरू लागला. पाण्याच्या पाळीवरून दोन भाऊ भांडत असताना, कुठं गाडी नाही, साहेब नाही, आणि हा मध्ये पडून म्हणाला, "माझं म्हणणं असं..." लवंगखानानं आतून हळूच विचारलं, "शीरीनदिल, आज रस्त्यावर धूळ दिसली का कुणाला?" सगळे हसले. शीरीनदिलही हसला, पण त्या दिवशी त्याचा पुलाव खाली लागला.

फौज येऊन बारावं की तेरावं वर्ष असेल, तेव्हा लवंगखानाचा थोरला मुलगा झमरक गेला. बागेला पाणी द्यायची त्याची पाळी पहाटेची होती. खांद्यावर फावडं घेऊन तो बांधाशी वाकला आणि माती उकरू लागला. आकाशात उंच फौजेचं काहीतरी घिरट्या घालत होतं, त्यातून बघणाऱ्याला वाटलं हा रस्त्यात सुरुंग पेरतोय, आणि वरून आग आली. झमरक पंचवीसचा होता. पाणी मात्र बागेत आलं, कारण बांध तसाच फुटला.

फौजेच्या लक्षात आपली चूक दोन दिवसांत आली. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, कधी कधी येतही नसे. साहेब दोन मेंढ्या घेऊन शोक करायला आला. तेवढा रिवाज कुणीतरी शिकवला होता. शोक करायचा कुणाकडं? मलिकाकडं. त्या दिवशी तो दार सोडून पहिल्यांदा आत चालत गेला, शीरीनदिलला मिठी मारली आणि म्हणाला, "तुमच्या गावानं मुलगा गमावला. आम्हाला फार दुःख आहे." त्याचे डोळे खरोखर ओले होते. मग परत येऊन दाराशी बसला, आणि झमरकच्या बापानं त्याच्या हातावर पाणी घातलं.

"मुलाचे वडील इथं आहेत का?" साहेबानं विचारलं.

शीरीनदिलनं झारीकडं पाहिलं. लवंगखानानं मान किंचित हलवली. नको. एवढी वर्षं गावानं खरा मलिक लपवला असं कळलं, तर का लपवला हा प्रश्न येईल, आणि तो प्रश्न फावड्यापाशी जाऊन थांबेल, की झमरक खरंच सुरुंगच पेरत होता.

"नाहीत," शीरीनदिल म्हणाला.

गाड्या गेल्यावर तो गादीवरून उठला आणि दाराशी, चपलांत, लवंगखानाच्या शेजारी जाऊन बसला. दोघंही संध्याकाळच्या अजानपर्यंत तिथंच होते. मेंढ्या अंगणात ओरडत राहिल्या. त्या कुणी कापल्या नाहीत.

आणि मग फौज गेली. आली होती त्याहून घाईनं. एका रात्री छावणीचे दिवे विझलेलेच राहिले. लोकांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी दारं, पत्रे, खुर्च्या, न समजणारी यंत्रं असं जे मिळेल ते घरी आणलं. व्हॉलीबॉलचं जाळं खरबुजांच्या वेलांवर गेलं. पाखरांना ते अजून आवडत नाही.

फौज गेली तसे डोंगरातले खाली आले. वीस वर्षं फौजेशी लढलेले, आता तेच सरकार. नवा ठाणेदार मुल्ला बाझगुल पार पश्चिमेचा, फराहकडचा. त्याला दऱ्यातलं कुणी ओळखीचं नव्हतं, पण खबरे होते. त्यानं निरोप धाडला, गुरुवारी येतो, परक्यांच्या मलिकाला भेटायचंय. शेजारच्या दऱ्यातल्या अशाच एका मलिकाला गर्देझच्या ठाण्यात चौकशीला नेलं होतं. त्याची बायको अजून रोज त्याची भाकरी थापत होती.

शीरीनदिल धावत लवंगखानाकडं गेला. "मलिकसाहेब, एवढंच सांगा की मी न्हावी आहे."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे की तू न्हावी आहेस."

"गावाला ठाऊक असून काय उपयोग? तुमच्या तोंडून यायला हवं. तुमच्याच तोंडून गेलंय ते."

"म्हणजे मी माझ्या बैठकीत, पाहुण्यांसमोर, वीस वर्षं खोटं बोललो असं सांगू?"

"माझा जीव जातोय!"

"आणि माझी अब्रू." लवंगखानानं आपले चार केस ओढले. "बघू," म्हणाला.

या 'बघू'वर शीरीनदिलनं चार दिवस काढले. उठता बसता त्याची एकच प्रार्थना होती. देवा, मला चारचौघांत न्हावी म्हणव. बख्तावरा घाबरली होती, पण जीभ कुठं जाते! "दाराशी बसायचा सराव करा," ती म्हणाली. "वीस वर्षं गादीवर बसून गुडघे खानासारखे झालेत. उकिडवं बसता तरी येतंय का बघा." बसता येत नव्हतं. भिंतीला धरून त्यानं सराव केला.

गुरुवारी मुल्ला बाझगुल आला. रिवाज जाणणारा माणूस, सरळ आत जाऊन वरच्या गादीवर बसला. त्याची दहाबारा माणसं भिंतीलगत. लवंगखान त्याच्याशेजारी, आपल्या जुन्या जागी. शीरीनदिलनं झारी घेतली, सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं आणि उंबऱ्याशी चपलांत अंग चोरून बसला. भाकरी झाली, मांस झालं, चहा आला. मग बाझगुलनं बोटानं दाराकडं खूण केली.

"खान, असे लांब का? या इकडं. एवढी वर्षं इथंच बसत होतात ना? माझ्या माणसांनी समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीतून तुमची दाढी पाहिलीय. मोजायचीच तेवढी राहिली."

शीरीनदिलची झारी कलंडली. त्यानं लवंगखानाकडं पाहिलं. लवंगखान चहात बघत होता. मग त्यानं पेला खाली ठेवला.

"तो न्हावी आहे," तो म्हणाला. "मलिक मी. त्यांच्यासमोर मी त्याला पुढं केलं, कारण मी भ्यालो. माझा मुलगा त्यांनी मारला, आणि मारणाऱ्याच्या हातावर मी पाणी घातलं. या खोलीत. विचारा कुणालाही."

असं काही तो बोलेल हे गावात कुणालाच वाटलं नव्हतं, त्यालाही नसावं.

बाझगुलनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, त्या चार केसांशी येऊन थांबला आणि मोठ्यानं हसला. "शाबास! याला म्हणतात इमान. धन्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेतोस? मुलाची गोष्टसुद्धा रचलीस! बाबा रे, ही काय मलिकाची दाढी आहे? न्हावी तू आहेस, आणि मलिक तो."

लवंगखानाचा चेहरा लाल झाला. एक तर माणसानं आयुष्यात एकदाच खरं बोलावं, आणि ते दाढीवरून खोटं ठरावं! तो ओरडला, "अहो, तो साधा न्हावी आहे! याच्या सात पिढ्या चपलांत बसल्या! काय लायकी याची मलिक व्हायची?"

आता खरं म्हणजे शीरीनदिलनं देवाचे आभार मानायचे. मागितलं होतं तेच, मागितल्यापेक्षा जास्तच मिळत होतं. पण कान तापले त्याचे. वीस वर्षांची ऊब एकदम डोक्यात चढली आणि तो ताठ उभा राहिला.

"तोंड सांभाळा, लवंगखान!"

साहेब नाही, मलिक नाही. नुसतं लवंगखान. गावच्या मुल्लाचा खोकला अडकला. उंबऱ्याबाहेर कुणीतरी "मेला हा" असं पुटपुटलं.

"ऐकलंत?" बाझगुल आपल्या माणसांना म्हणाला. "हा मलिकाचा आवाज." मग जरा थांबला. मूर्ख नव्हता तो. म्हणाला, "तरी खात्री करू. न्हावी कोण ते वस्तरा सांगेल." त्यानं आपल्या एका गलेलठ्ठ शिपायाची पगडी काढायला लावली. दाराशी ठेवलेल्या न्हाव्याच्या पिशवीतून वस्तरा काढून लवंगखानाच्या हाती दिला. "कर याचं डोकं."

लवंगखानानं जन्मात कधी स्वतःची नखंही काढली नव्हती. कोरड्या डोक्यावर त्यानं कानामागून वस्तरा लावला. रक्त आलं. शिपाई दात आवळून बसला. शीरीनदिल ताठ उभा होता, हाताची घडी घालून, खानासारखा. दुसरा हात ओढला, पुन्हा रक्त. शीरीनदिलनं छताकडं पाहिलं. तिसऱ्यांदा लवंगखानानं वस्तरा उलट्या बाजूनं, मानेकडून वर नेला. शिपाई "आई गं" म्हणून कळवळला.

"अहो, आधी भिजवा!" शीरीनदिल गरजला. "भिजवल्याशिवाय कुणी लावतं का? डोकं आहे की खरबूज? आणि उलटं? उलटं? सोडा, सोडा तो वस्तरा, माणूस मरेल!"

तो पुढं झाला, वस्तरा हिसकून घेतला, शिपायाला उजेडाकडं वळवलं, डोकं चोळचोळून भिजवलं, पात्याला पट्ट्यावर धार दिली आणि कपाळापासून एक सरळ पट्टा मागं नेला. गुडघे विसरून तो उकिडवा बसला होता. खोलीत नुसता वस्तऱ्याचा खसखस आवाज. जखमांना तुरटी लावून झाल्यावर त्यानं त्या चकचकीत टाळक्यावर हलकी चापट मारली आणि, कुठं आहोत याचं भान नसताना, म्हणाला, "चल ऊठ. पुढचा कोण?"

बाझगुल इतका हसला की त्याला ठसका लागला. हसून झाल्यावर तो लवंगखानाकडं वळला, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मलिक हा, म्हणजे मुलाचीही गोष्ट खरी. ज्याची भाकरी पोटात आहे, ज्याच्या पोरावर परक्यांनी आकाशातून आग टाकली, त्याला चौकशीला नेणार कोण? त्यानं उठून लवंगखानाच्या खांद्याला हात लावला, मुलासाठी दुआ मागितली. सगळ्यांनी हात पसरले. मग पगडी सोडत तो शीरीनदिलसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, उन्हात खाज सुटते फार. जरा बघ."

तेव्हापासून शीरीनदिल दर गुरुवारी गर्देझच्या ठाण्यात डोकी करायला जातो. ढोलाला आता बंदी आहे, तो खुंटीवर आहे. कारेझ अजून बुजलेलीच आहे. लवंगखान वर लोडाला टेकतो, शीरीनदिल खाली चपलांत. त्या 'लवंगखान'बद्दल त्यानं माफी मागितली नाही, आणि त्या सात पिढ्यांबद्दल लवंगखानानंही नाही. झारी मात्र लवंगखान कधी कधी आपण होऊन घेतो. का, ते कुणी विचारत नाही.

पोरं टवाळ आहेत. हा गल्लीतून निघाला की भिंतीआडून ओरडतात, "मलिकसाहेब!" मग शीरीनदिल चप्पल काढून त्यांच्या मागं लागतो, आई-बाप उद्धरतो, सुंतेची आठवण करून देतो. बायका दारातून हसतात.

"चिडतात फार," बख्तावरा त्यांना सांगते. "पण नीट बघा कधी. हाक आली की आधी रुबाबात वळतात. चिडतात मग."